परक्याचा शेजार

(चिंचोटी येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



भाषणासाठी आम्हांस जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो 'मोठ्या शहरातील नित्याची दृश्ये' असा आहे. विषय ठरविताना चिटणिसांच्या मनात मुंबई असावी. एके काळी अशा विषयावर बोलावयास मुंबईहून वक्ता येई, आणि ट्राम, चौपाटी, राणीचा बाग यांची वर्णने करून गावकऱ्यांस थक्क करून सोडी. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली, आणि तसे थक्क होणारे श्रोतेही त्यानंतर फार वर्षे उरले नाहीत. आज चिंचोटीच्या माणसास मुंबईचे वर्णन ऐकविणे म्हणजे कोळ्यास भरती-ओहोटी समजावून सांगण्यासारखे आहे. समोर बसलेल्या मंडळींपैकी कितीतरी जण उद्या पहाटे तेथे जावयाचे आहेत, आणि हे भाषण लांबले तर त्यांची झोप बुडेल याची आम्हांस जाणीव आहे.

तेव्हा मुंबईचे वर्णन आम्ही करणार नाही. शहरात माणसे एकमेकांशी कशी वागतात, एवढेच पाहावयाचे आहे. कारण ते शहर आता नाक्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत कोणती गावे असावीत व कोणती नसावीत यावर पुष्कळ वाद झाला. त्यात येथे शिरावयाचे कारण नाही. कागदावरील रेघ कोठेही असो, शहराची खूण आमच्या मते निराळीच आहे. दिवसभरात जी माणसे आपणांस भेटतात, त्यांपैकी बहुतेकांची नावे ज्या ठिकाणी आपणांस ठाऊक नसतात, ते शहर. गावात माणूस दिसला की त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, घर, शेत, मागच्या पिढीतील भांडण, सारे आपणांस आठवते. शहरात यांपैकी काहीच हाती नसते. तरीही त्या माणसाशी काहीतरी वागावे लागते. ते कसे वागावे, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न या भूमीस नवा नाही. येथून जवळच असलेले सोपारे हे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. ज्या बंदरात दूरदेशीचे व्यापारी उतरत, तेथे परका मनुष्य ही रोजची गोष्ट असली पाहिजे. पुढे १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईच्या कोटात पोर्तुगीजांचे नांदते शहर होते. चिमाजीअप्पांच्या मोहिमेने ते मराठ्यांच्या हाती आले, आणि आज तेथे ओसाड भिंती व ताडाची झाडे उभी आहेत. एवढे सांगून इतिहास येथेच थांबवितो, कारण आमचा खरा विषय आगगाडीच्या डब्यात बसलेला आहे. बसलेला म्हणण्यापेक्षा उभा आहे.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली नियमित गाडी सुरू झाली. सकाळी एक गाडी जाई व सायंकाळी तीच परत येई. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. त्या एका गाडीच्या आज किती गाड्या झाल्या आणि तरी त्या कशा अपुऱ्या पडतात, हे सांगावयास वक्ता नको. प्रत्येकाचे खांदे ते सांगतील.

पहाटेच्या गाडीत, सामानाच्या डब्यात, वसईकडील बाया टोपल्या घेऊन चढतात. फुले, केळी, अळूची व विड्याची पाने, वालाच्या शेंगा असा माल. दादरच्या फुलबाजारात उजाडण्यापूर्वी पोहोचले तर भाव मिळतो. नाहीतर फूल आणि फुलाची किंमत दोन्ही कोमेजतात. टोपली एकटीस उचलून डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी हात लावावाच लागतो. गाडी स्थानकात थांबते ती मोजक्या काही सेकंदांपुरती. तेवढ्या वेळात दारातील अनोळखी हमाल, दूधवाला किंवा कारखान्यात निघालेला एखादा मुलगा, न सांगता टोपलीला हात लावतो, आणि 'चल मावशी' म्हणून बाजूस सरकतो. ही मावशी कोणाची कोण? तिचे गाव, जात, नाव त्यास ठाऊक नाही, आणि जाणून घेण्याची इच्छाही दिसत नाही. शहराने नाती अशी फुकट वाटून ठेविली आहेत: मावशी, काका, दादा, ताई, भाऊ. कोणी म्हणेल, या नात्यांना काही अर्थ नाही. टोपली खाली पडली असती तर त्या नात्याचा अर्थ काय, हे त्या बाईस विचारावे.

दुसरे दृश्य बाकावरचे. तिघांसाठी केलेल्या बाकावर चौथा मनुष्य बसतो. बसतो म्हणजे काय, एक पाय बाहेर ठेवून टेकतो. पहिले तिघे अंग चोरून इंचभर सरकतात. चौथ्यास जागा द्यावी असा नियम कोणत्याही रेल्वे कायद्यात आमच्या पाहण्यात नाही. परंतु तो मोडणाराकडे सारा डबा असा पाहतो की पुन्हा तो मोडण्याची इच्छा होऊ नये. तसाच दुसरा नियम उतरण्याच्या चौकशीचा. उभा असलेला मनुष्य बसलेल्यास विचारतो, 'कहाँ?' उत्तर येते, 'अंधेरी.' तेवढ्यावर ती जागा त्याची होते. मध्ये दुसरा कोणी आला तर आजूबाजूचे साक्ष देतात की ही जागा सांगून झालेली आहे. दस्तऐवज नाही, मुद्रांक नाही, साक्षीदारांची नावे नाहीत, आणि तरीही या व्यवहारात फसवणूक क्वचितच होते. आपल्या ज्ञातीत बांधाच्या हातभर जमिनीवरून चाललेले दावे किती जुने आहेत, याचा या क्षणी आम्ही उल्लेख करीत नाही.

परंतु डब्यातील सर्वच रीती अशा गोड आहेत असा भ्रम नको. बसावयास मिळावे म्हणून नायगाव, वसईची काही मंडळी आधी उलट विरारकडे जातात आणि तेथून त्याच गाडीने परत येतात. परिणाम असा, की गाडी विरारच्या फलाटास लागते तेव्हा बरीचशी आधीच भरलेली असते, आणि विरारच्या माणसास आपल्याच स्थानकावर उभे राहावे लागते. यावरून भांडणे होतात, प्रसंगी मारामारीही होते. दोघांकडेही कारण आहे. नायगावच्या माणसास पुढे दाराशीदेखील जागा मिळत नाही, हे खरे. आणि आरंभीच्या स्थानकावर रांगेत उभे राहिलेल्यास जागा मिळू नये, हेही न्यायाचे नाही. आम्हांस विचाराल तर उलटे जाणारांची बाजू थोडी लंगडी आहे. हे मत येथे बसलेल्या काहींस रुचणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. विरारच्या जलद गाडीत बोरिवलीस उतरू पाहणाऱ्याची जी गत होते, तिचे वर्णन मात्र स्त्रीवर्ग उपस्थित असल्यामुळे टाळतो.

स्त्रियांच्या डब्याविषयी आमची माहिती ऐकीव आहे. घरातील मंडळींनी सांगितली तेवढीच. चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी असलेली गाडी १९९२ च्या मे महिन्यात सुरू झाली व पुढील वर्षी ती विरारपर्यंत आली. परतीच्या प्रवासात मेथी निवडून होते, मटार सोलून होतात, आणि घरी गेल्यावर चुलीपाशी घालवावयाचा अर्धा तास वाचतो. नवरात्रात डब्यास तोरण लागते, संक्रांतीचे हळदीकुंकू होते, आणि रोजच्या गाडीतील एखादीस दिवस गेले असतील तर डब्यातच तिचे डोहाळजेवण होते. ओटी भरणाऱ्या बायका कोण? एक पालघरकडची शिक्षिका, एक नालासोपाऱ्याची परिचारिका, एक मीरा रोडची मुसलमान मुलगी, एक आपल्यापैकी. घरातील डोहाळजेवणास कोणास बोलवावे व कोणास बोलावू नये यावर आपल्याकडे आठ दिवस खल चालतो. डब्यात तेवढा वेळच नसतो, बोरिवली येते.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींस खटकेल. ज्ञातीचे कार्य आम्ही हलके लेखीत नाही. परगावी शिकणाऱ्या मुलास हात देणे, विधवेस आधार देणे, लग्नातील खर्चास आळा घालणे ही कामे ज्ञातीने केली, म्हणून आपल्यापैकी अनेक जण आज शिकलेले दिसतात. परंतु ज्ञाती आपणांस आपल्या माणसाशी कसे वागावे ते शिकविते. परक्याशी कसे वागावे, हे आपली माणसे त्या डब्यात उभ्याने शिकली आहेत.

या शिक्षणाची परीक्षाही झालेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्या रात्री लाखो माणसे पाण्यातून चालत घराकडे निघाली. वाटेवरील घरांतून अनोळखी लोक चहा, बिस्किटे, पाणी घेऊन उभे होते; कितीकांनी परक्यांस घरात झोपावयास जागा दिली. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ रोजी, सायंकाळी घरी परतणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत पसरलेल्या त्या स्फोटांत मदतीस प्रथम धावले ते रुळांच्या कडेच्या झोपड्यांत राहणारे लोक. त्यांनी घरातील चादरी आणून जखमींस उचलले. दुसऱ्या दिवशी गाड्या चालू झाल्या व माणसे पुन्हा त्यांत चढली. यास वर्तमानपत्रे 'मुंबईचे धैर्य' म्हणतात. आम्हांस तो शब्द तितकासा पटत नाही. कामावर गेले नाही तर पगार कापला जातो, हे धैर्याइतकेच मोठे कारण आहे. ज्या झोपडीतील बाईने आपली अंथरुणाची चादर दिली, तिला मात्र काही पगार मिळावयाचा नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर कितीतरी वर्षे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावत आली आहेत. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. गाडी मध्येच थांबली व 'कोणी पडले' असे कळले, की डब्यातील पहिला उद्गार बहुधा 'आता उशीर होणार' असा असतो. तो उच्चारणारा मनुष्य दुष्ट नसतो. रोज पाहिलेल्या दुःखावर मनास घट्टा पडतो, जसा नांगर धरणाऱ्याच्या तळहातास पडतो.

आपल्या खाडीचेच उदाहरण घ्या. नायगाव व भाईंदर यांच्यामध्ये पाणजू हे बेट आहे. तेथील लोकांस रेल्वेच्या पुलावरून पायी ये-जा करावी लागते. गाडी खाडीवर आली की आपण भक्तिभावाने हात जोडतो आणि निर्माल्याची पिशवी, नारळ, वेगाने धावत्या गाडीतून भिरकावतो. पुलावर कोणी चालत असेल, हे मनातही येत नाही. अशा फेकलेल्या वस्तू लागून तेथील माणसे जखमी होत आली आहेत, आणि २०२५ साली पाणजूच्या एका तरुणाचा गाडीतून आलेला नारळ लागून मृत्यू झाला. ज्याने तो फेकला, त्यास कदाचित आजही हे ठाऊक नसेल. तो त्या दिवशी पूजा पूर्ण झाल्याच्या समाधानाने कामावर गेला असेल. निर्माल्य आपल्या झाडाच्या बुंध्याशी घालावे. यापुढे आपल्यापैकी कोणाच्याही हातून खाडीवर पिशवी सुटू नये, एवढी हात जोडून विनंती आहे.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे लोकल गाड्या थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या तेव्हा आरंभी केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांस त्यांत प्रवेश होता, बाकीच्यांस एस. टी.च्या बसवर अवलंबून राहावे लागले. बस न मिळाल्यामुळे त्या जुलैत नालासोपाऱ्यास प्रवासी रुळांवर उतरले. ज्या गर्दीस आपण जन्मभर शिव्या दिल्या, तिच्यावाचून आपले पोट चालत नाही, हे त्या महिन्यांत उघड झाले.

आता डब्यातून उतरून घरी येऊ. सकाळी सात वाजता आपल्या नाक्यावर उभे राहून पाहावे. गुजरातेकडे जाणारे कंटेनर, कामणवरून भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे ट्रक, टायरवाले, चहाच्या टपऱ्या, रिक्षांची रांग. आणि त्यांच्या कडेला थापी, करवत, रंगाचा ब्रश घेऊन मजुरीची वाट पाहणारी माणसे. चहाच्या टपरीवर चौकोनी छापील खूण लटकते व पैसे भ्रमणध्वनीवरून पोहोचतात. हे सारे दृश्य दादरचे किंवा कुर्ल्याचे म्हणून खपेल. फरक इतकाच की येथे घरमालक आपण आहोत. भात पिकविणाऱ्या जमिनीवर आपण पत्र्याच्या खोल्या बांधल्या, आणि त्यांच्या भाड्यावर मुलांची शिक्षणे केली. यात काही वावगे नाही. परंतु त्या खोलीत तीन वर्षे राहणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? करारपत्रावर ते असते. हाक मारताना तो 'ए भय्या' असतो. हिंदीत 'भैया' म्हणजे भाऊ. दादरच्या परक्या मुलाने आपल्या आईस 'मावशी' म्हटले, तेव्हा त्या शब्दात आदर होता. आपण भाऊ या अर्थाच्या शब्दाची शिवी केली. टँकर आला की आधी मालकाचा हौद भरतो, आणि उरलेल्यात बारा बिऱ्हाडे. येथे चौथ्या माणसासाठी सरकणारे कोणी नसते.

शहर आपल्याकडे आणखी एका वाटेने येते. आपला धबधबा. पावसाळ्यातील रविवारी मुंबई-ठाण्याची तरुण मुले तुंगारेश्वराच्या रानातून धबधब्याकडे जातात. त्यांतील बहुतेकांस पाण्याची ओढ समजत नाही. वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की ओढा घटकेत कसा फुगतो, हे आपल्याकडील सहा वर्षांचे पोर जाणते. नळाचे पाणी पिऊन वाढलेल्यास ते कसे कळावे? जुलै २०१८ मध्ये शंभराहून अधिक माणसे तेथे अडकली. त्यांची सुटका करावी लागली, आणि त्यातही एकाचा जीव गेला. त्यापूर्वी व नंतरही तेथे बुडून मरणारे झाले आहेत. सरकार पावसाळ्यात बंदीचा हुकूम काढते, पोलीस रस्त्यावर उभे राहतात, आणि मुले आडवाटेने जातातच. देह शोधावयाची वेळ येते तेव्हा अग्निशमन दलाच्या बरोबरीने पाड्यावरील आदिवासी तरुण पाण्यात उतरतात. त्यांचे नाव कोणत्याच बातमीत छापून येत नाही. 'मरावयास येतात कशाला?' असा आपल्याकडील उद्गार आम्ही अनेकदा ऐकला आहे. रेल्वेच्या डब्यात 'आता उशीर होणार' म्हणणारा, आणि ओसरीवर बसून हे म्हणणारा, या दोघांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. ज्या वयात ती मुले येथे येतात, त्याच वयात आपली मुले जुहूच्या समुद्रात उतरतात, आणि तेथे कोणीतरी परका मनुष्य ओरडून त्यांस मागे बोलावतो, अशी आपली आशा असते.

म्हणून दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पावसाळ्यातील रविवारी सकाळी ज्ञातीतील चार-चार तरुणांनी पाळीपाळीने वाटेच्या तोंडाशी उभे राहावे. दंडुका घेऊन नव्हे. मुलांशी नीट बोलून परत फिरवावे, आणि ऐकत नसतील तर पोलिसांस कळवावे. या कामी पाड्यावरील तरुणांस बरोबर घ्यावे, आणि संमेलनात ज्या दिवशी आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, त्या दिवशी त्यांसही बोलवावे. दोराच्या खर्चाचा अंदाज चिटणिसांकडे दिला आहे.

दुसरी गोष्ट पाणपोईची. शिमगा सरला की नाक्यावर ऊन असह्य होते, आणि मजुरीची वाट पाहणारांस पाणी विकत घ्यावे लागते. जागेसाठी दोन घरमालकांशी बोलणे झाले असून दोघेही तयार आहेत. रांजण तीन लागतील. भरण्याचे काम कोणी करावयाचे हा प्रश्न आहे. पगारी मनुष्य ठेवावा असे काहींचे म्हणणे, आमच्या मते आठवड्याचा एकेक वार एकेका घराने घ्यावा. पाटीवरील मजकुराविषयीही मतभेद आहे. काही ज्येष्ठांस ज्ञातीचे नाव मोठ्या अक्षरांत हवे आहे, एका देणगीदारास आपल्या वडिलांचे. आमची सूचना 'पिण्याचे पाणी' एवढेच लिहावे, आणि खाली तेच हिंदीत, अशी आहे. निर्णय दुपारच्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे, तेव्हा जेवणानंतर मंडळींनी लगेच पांगू नये.